पासवर्ड बदलत नसेल तर काय बदलावे?

प्रश्न: बालेवाडीतील २१६ सदनिकांच्या आमच्या सोसायटीचा ताबा बिल्डरकडून नुकताच समितीकडे आला आहे. सीसीटीव्हीचा रेकॉर्डर, मुख्य दारावरील इंटरकॉम, बूम बॅरियर आणि पाण्याच्या पंपांचा कंट्रोलर हे सर्व एकाच नेटवर्कवर आहे. पासवर्ड बदलून द्या असे सांगितल्यावर ही यंत्रणा बसवणाऱ्या ठेकेदाराने उत्तर दिले, की काहींचे पासवर्ड ‘कंपनीचेच’ आहेत, ते बदलत नाहीत, आणि तुमच्या सोसायटीत घुसायला येणार तरी कोण? यात खरोखर धोका आहे का? असल्यास सर्व उपकरणे बदलावी लागतील का?

उत्तर:

समितीला निर्णय घ्यायचा आहे, म्हणून निष्कर्ष आधी सांगतो. धोका खरा आहे. सर्व उपकरणे बदलावी लागणार नाहीत. बहुधा एखादेच बदलावे लागेल, आणि तेही नेटवर्कची मांडणी सुधारल्यानंतर ठरवावे. मी गेली २२ वर्षे पुण्यात इमारतींच्या नियंत्रण यंत्रणा बसवण्याचे आणि तपासण्याचे काम करतो. सुरुवातीची वर्षे हिंजवडी आणि खराडीच्या आयटी पार्कमधील वातानुकूलन यंत्रणांवर गेली; अलीकडे सोसायट्यांच्या हस्तांतरणाच्या वेळी तांत्रिक तपासणीसाठी बोलावणे येते. आपल्याला मिळालेले उत्तर मी त्यातल्या निम्म्याहून अधिक ठिकाणी, जवळजवळ याच शब्दांत, ऐकले आहे.

‘कंपनीचाच पासवर्ड’ या शब्दांत मात्र तीन निरनिराळ्या गोष्टी एकत्र कोंबल्या जातात आणि त्या प्रत्येकीचा उपाय वेगळा आहे. ठेकेदाराने यांपैकी कोणती सांगितली, हे आधी त्याच्याकडून वदवून घ्यावे.

पहिली गोष्ट म्हणजे कारखान्यातून आलेला आणि बदलता येण्याजोगा, पण कोणीही न बदललेला पासवर्ड. ‘अॅडमिन’ या नावाला ‘अॅडमिन’ हाच पासवर्ड, किंवा १२३४५, किंवा सहा वेळा आठ, हे या क्षेत्रात इतके जुने आहेत की पुण्याच्या इलेक्ट्रॉनिक्स बाजारातला, तापकीर गल्लीतला, कोणताही कॅमेरेवाला ते न पाहता सांगेल. हे दहा मिनिटांचे काम आहे आणि ते आजच करावे; त्यावर अधिक लिहिण्यासारखे काही नाही.

दुसरी गोष्ट कमी बोलली जाते, पण पुण्यात मला ती सर्वाधिक आढळते. ठेकेदार कारखान्याचा पासवर्ड बदलतो, पण त्याच्या सर्व ग्राहकांसाठी एकच ठेवतो; बहुतेक वेळा स्वतःच्या फर्मचे नाव आणि पुढे १२३. बाणेरच्या एका सोसायटीत रेकॉर्डरच्या कपाटाच्या दारावर आतल्या बाजूने मार्करने लिहिलेला असा पासवर्ड मी पाहिला होता. सहा-सात महिन्यांनी त्याच ठेकेदाराचे खराडीतील काम तपासायला आले, तेव्हा कपाट उघडण्याआधीच पासवर्ड मला ठाऊक होता. मला ठाऊक होता, याचा अर्थ त्या फर्ममधून नोकरी सोडून गेलेल्या प्रत्येक मुलाला तो ठाऊक आहे. त्या ठेकेदाराला फोन केल्यावर त्याने जे सांगितले ते त्याच्या बाजूने प्रामाणिकच होते: “सर, प्रत्येक साइटला वेगळा ठेवला तर आमची मुलं सर्व्हिसला गेल्यावर अडकून पडतात.” अडचण खरी आहे, पण तिचा भार सोसायटीने का वाहावा, हे त्याला सांगता आले नाही.

तिसरी गोष्ट म्हणजे फर्मवेअरमध्येच, म्हणजे उपकरणात कारखान्यातच भरलेल्या मूळ सॉफ्टवेअरमध्ये, पक्का केलेला पासवर्ड, ज्याला हार्डकोडेड म्हणतात. आपल्या प्रश्नाचा खरा गाभा हाच आहे. उपकरणाच्या आत चालणारी जी मूळ प्रणाली असते, ती बहुतेक वेळा लिनक्सची छोटी आवृत्ती असते. तिच्यात उत्पादकाने स्वतःच्या सोयीसाठी एक खाते ठेवलेले असते आणि वापरकर्त्याला दिसणाऱ्या कोणत्याही पानावर ते बदलण्याची सोय नसते. हे कसे दिसते ते एका प्रसंगाने सांगतो.

कोथरूडच्या एका सोसायटीत रेकॉर्डर सुरक्षारक्षकाच्या केबिनमध्ये, टेबलाखाली, छत्र्या आणि रजिस्टरांच्या मागे ठेवलेला होता. तेथील सेक्रेटरी, निवृत्त बँक अधिकारी, अतिशय काटेकोर गृहस्थ. त्यांनी आधीच सांगितले की पासवर्ड बदललेला आहे, चांगला सोळा अक्षरी आहे आणि तो फक्त त्यांना व चेअरमनना माहीत आहे. ते खरेच होते. ब्राउझरमध्ये जुना पासवर्ड चालत नव्हता. मग त्यांच्या लेखी परवानगीने मी त्याच रेकॉर्डरच्या २३ क्रमांकाच्या पोर्टवर (नेटवर्कवरच्या क्रमांकित दारावर), म्हणजे टेलनेट या दुरून आज्ञा देण्याच्या जुन्या वाटेने, जोडणी केली. काळ्या पडद्यावर नाव विचारणारी ओळ आली. ‘रूट’ हे सर्वाधिकार असलेल्या खात्याचे नाव टाकले, त्या बनावटीच्या बोर्डाचा सगळ्या जगाला माहीत असलेला पासवर्ड टाकला, आणि पुढच्या ओळीत फक्त एक हॅशचे चिन्ह उमटले. त्या चिन्हाचा अर्थ असा, की आता हे यंत्र सांगाल ते करील: चित्रीकरण पुसेल, कॅमेरा बंद करील, दुसऱ्या यंत्रांशी बोलेल. सेक्रेटरींनी चष्मा काढून पुसला आणि विचारले, “मग मी बदलला तो कशाचा पासवर्ड?” त्यांनी बदलला होता तो वेब पानाचा. खालच्या लिनक्सला त्या बदलाची गंधवार्ताही नव्हती.

उत्पादक असे का करतात? दुष्टपणा क्वचितच असतो. कारखान्यात हजारो बोर्ड एका ओळीत तपासायचे असतात. तेथे प्रत्येकाला वेगळा पासवर्ड देणे म्हणजे वेगळा पासवर्ड छापणे, नोंदवणे आणि डब्यावर योग्य तो चिकटवणे, आणि हा सगळा खर्च असतो. शिवाय ग्राहक पासवर्ड विसरतात. जुन्या काही डीव्हीआरमध्ये तर त्या दिवसाच्या तारखेवरून गणिताने निघणारा मास्टर पासवर्ड असे आणि दुरुस्तीवाले तो फोनवर सांगत. तिसरे कारण असे, की एकच कारखाना बोर्ड बनवतो आणि अनेक कंपन्या त्यावर आपापले नाव छापून विकतात; ज्याचे नाव डब्यावर आहे त्यालाही आत कोणते खाते आहे याची कल्पना नसते. म्हणून “आमच्या कंपनीच्या उपकरणात असे काही नाही” हे विक्रेत्याचे उत्तर खोटे नसूनही चुकीचे असू शकते.

आणि हे गुपित राहत नाही. फर्मवेअरची फाइल उत्पादकाच्या संकेतस्थळावर सर्वांसाठी ठेवलेली असते. ती उतरवून उलगडण्याची साधने विनामूल्य मिळतात. आत पासवर्ड थेट लिहिलेला नसला तरी त्याचा कूटबद्ध ठसा सापडतो. जुन्या उपकरणांत हा ठसा डीईएस या जुन्या कूटलेखनावर आधारलेल्या पद्धतीचा असतो, जी पद्धत पासवर्डची पहिली आठच अक्षरे विचारात घेते, त्यामुळे आजच्या साध्या ग्राफिक्स कार्डालाही तो फोडणे जड जात नाही. एकाने एकदा फोडला की त्या बनावटीची जगातली सर्व उपकरणे उघडी पडतात. आपण चांगला पासवर्ड निवडला किंवा नाही, याचा येथे काही संबंधच उरत नाही.

आता “येणार तरी कोण” या प्रश्नाकडे वळू. या प्रश्नात एक गृहीतक दडलेले आहे, की कोणीतरी आपली सोसायटी निवडून तिच्यावर चालून येईल. प्रत्यक्षात कोणी निवडत नाही. २०१३ मध्ये मिशिगन विद्यापीठातील संशोधकांनी झेडमॅप नावाचे साधन प्रसिद्ध केले. एका संगणकावरून आणि एका गिगाबिट जोडणीवरून इंटरनेटच्या जुन्या पद्धतीचे सर्व पत्ते, म्हणजे चार अब्जांहून थोडे अधिक, पाऊण तासाच्या आत चाळता येतात हे त्यांनी दाखवून दिले. बालेवाडी काय आणि बोस्टन काय, त्या चाळणीतून दोन्ही सारखीच जातात.

या चाळणीचा सर्वांत मोठा धडा २०१६ मध्ये मिळाला. मिराय नावाचा दुष्ट प्रोग्राम त्या वर्षी ऑगस्टमध्ये उजेडात आला. त्याच्याकडे कोणतीही असामान्य विद्या नव्हती. टेलनेटचे २३ आणि २३२३ हे पोर्ट उघडे असलेली उपकरणे शोधायची आणि साठेक नाव-पासवर्डांच्या जोड्या एकामागून एक वापरून पाहायच्या, एवढेच त्याचे काम. त्या जोड्यांत कॅमेरे, रेकॉर्डर आणि राउटर यांचे कारखान्यातले पासवर्ड होते आणि त्यांतले काही वर सांगितल्याप्रमाणे बदलता न येणारे होते. अशा हजारो उपकरणांच्या साह्याने २१ ऑक्टोबर २०१६ रोजी डाइन या डीएनएस सेवेवर, म्हणजे संकेतस्थळाच्या नावावरून त्याचा पत्ता शोधून देणाऱ्या सेवेवर, हल्ला झाला आणि ट्विटर, नेटफ्लिक्स, रेडिट यांसारख्या सेवा अमेरिकेच्या मोठ्या भागात तासन्‌तास कोलमडल्या. मिरायचा मूळ कोड त्याआधीच सप्टेंबरअखेरीस जाहीर झालेला होता. त्याचे वंशज आजही फिरत आहेत.

मिरायचा एक गुण पुणेकरांनी लक्षात ठेवण्यासारखा आहे. तो उपकरणाच्या तात्पुरत्या स्मृतीतच राहतो. वीज गेली की नाहीसा होतो. गुरुवारी देखभालीसाठी महावितरणने वीज बंद ठेवली आणि रेकॉर्डरला यूपीएस नसला, की वीज आल्यावर रेकॉर्डर स्वच्छ होऊन सुरू होतो, नेट वेगाने चालते, आणि समितीला वाटते की ‘लाइट गेली की आपोआप बरे होते’. दार मात्र तसेच उघडे असल्यामुळे काही मिनिटांत लागण पुन्हा होते. ‘आमचे नेट बुधवारपर्यंत संथ होत जाते’ ही तक्रार मी एका सोसायटीत अगदी गांभीर्याने ऐकली आहे आणि तिचे कारण हेच निघाले होते.

आपल्या चार यंत्रणांपैकी इंटरकॉमची मला सर्वाधिक काळजी वाटते. फेब्रुवारी २०२५ मध्ये अमेरिका आणि कॅनडातील निवासी इमारतींत बसवलेल्या हर्श कंपनीच्या एंटरफोन मेश या प्रवेशयंत्रणेबद्दल अशीच गोष्ट बाहेर आली. तिच्या वेब पानाचा कारखान्यातला पासवर्ड माहितीपुस्तिकेत छापलेला होता, माहितीपुस्तिका इंटरनेटवर होती, आणि यंत्रणा बसवताना तो बदलण्याची सक्ती नव्हती. परिणामी अनेक इमारतींच्या पानांवर कोणालाही शिरता येत होते. रहिवाशांची माहिती आणि दारे उघडल्याच्या नोंदी पाहता येत होत्या आणि दारे, लिफ्ट यांवरही ताबा मिळवता येत होता. या दोषाला दहापैकी दहा तीव्रता देण्यात आली. कंपनीचे म्हणणे असे, की पासवर्ड बदलण्याची सूचना पुस्तिकेत दिलेली आहे. मला हा युक्तिवाद मान्य नाही. जी सूचना न पाळताही यंत्र मुकाट्याने चालू होते, ती पाळली जाणार नाही हे इमारतीत एक दिवस काम केलेल्या कोणालाही कळते. इंटरकॉममध्ये कोणत्या सदनिकेत कोण राहते आणि कोण कधी बाहेर गेले हे एकत्र साठलेले असते. चोराला आणखी काय हवे असते?

याच ओघात एक गोष्ट सांगून ठेवतो, कारण ती पासवर्डासारखी दिसत नाही म्हणून निसटते. दारावर टेकवायच्या कार्डांतही किल्ल्या असतात. मायफेअर क्लासिक या अतिशय प्रचलित कार्डाची कारखान्यातली किल्ली म्हणजे बारा वेळा ‘एफ’, आणि ती तशीच ठेवलेल्या सोसायट्या मी मोजणे सोडून दिले आहे. बदलली तरी त्या कार्डाची कूटपद्धत २००८ मध्येच फोडली गेली आहे. नवी कार्डे घेण्याची वेळ येईल तेव्हा ती या पिढीची घेऊ नयेत.

पंपांच्या कंट्रोलरचा विचार वेगळ्या अंगाने करावा. नोव्हेंबर २०२३ मध्ये अमेरिकेतील पेनसिल्व्हेनिया राज्याच्या अॅलिक्विपा या गावात पाणीपुरवठ्याच्या एका बूस्टर केंद्रातील कंट्रोलर बाहेरच्यांनी ताब्यात घेतला. तो इस्रायली बनावटीचा होता आणि हल्लेखोरांचा रोख त्यावरच होता. त्या कंट्रोलरांचा कारखान्यातला पासवर्ड ११११ असून ते थेट इंटरनेटवर उघडे ठेवलेले असत, असे अमेरिकी यंत्रणांनी नंतर जाहीर केले. तेथील कर्मचाऱ्यांनी पंप हाताने चालवायला घेतला, म्हणून पाणी थांबले नाही. आपल्या पंप रूममध्ये बघण्यासारखी गोष्ट हीच आहे: टाकी कोरडी पडल्यावर पंप थांबवणारा फ्लोट स्विच थेट स्टार्टरला जोडलेला आहे, की तोही कंट्रोलरमार्फत जातो? थेट जोडलेला असेल तर नेटवर्कवर काहीही झाले तरी पंपाचे सील जळणार नाही. शिवाय येथे पासवर्डाचा प्रश्न बऱ्याचदा गैरलागूच असतो, कारण असे कंट्रोलर ज्या मॉडबस भाषेत बोलतात तिच्या मूळ रचनेत पासवर्ड ही संकल्पनाच नाही. ५०२ क्रमांकाच्या पोर्टवर ज्याला पोहोचता आले, त्याची आज्ञा पाळली जाते. मोठ्या इमारतींच्या वातानुकूलनात वापरल्या जाणाऱ्या बॅकनेट या भाषेचेही बहुतांश ठिकाणी आजवर तेच आहे.

बूम बॅरियरची मला फारशी चिंता नाही. रखवालदार ओळखीची गाडी पाहून तो हाताने वर करतोच. लिफ्टबद्दल आपण विचारलेले नाही, पण रहिवासी सभेत नक्की विचारतील, म्हणून सांगतो: वेग वाढल्यास लिफ्ट धरून ठेवणारा गव्हर्नर आणि दाराचे इंटरलॉक हे यांत्रिक किंवा थेट तारेने जोडलेले असतात, नेटवर्कमधून कोणी लिफ्ट खाली पाडू शकत नाही. ती बंद पाडून दहाव्या मजल्यावरच्या वृद्धांची गैरसोय मात्र करू शकतो.

पासवर्ड न ठेवण्याची आणखी एक बाजू आहे आणि ती ऐकून समित्या अधिक सावध होतात. २०२१ मध्ये जर्मनीतील एका इमारतीत केएनएक्स पद्धतीची स्वयंचलन यंत्रणा इंटरनेटवर उघडी होती आणि तिच्यातील उपकरणांना कुलूपकिल्ली लावलेलीच नव्हती. बाहेरच्याने आत येऊन स्वतः किल्ली घातली. दिवे, पडदे, संवेदक अशी जवळपास तीन चतुर्थांश उपकरणे मालकालाच उघडेनात. आपण पासवर्ड घातला नाही तर जागा रिकामीच राहील असे नाही.

आता उपायांकडे येतो. न बदलणाऱ्या पासवर्डावर पासवर्डाचा उपाय नाही. असे उपकरण कुलूप नसलेल्या खोलीसारखे धरावे आणि त्या खोलीपर्यंत कोण पोहोचू शकते, हे आपण ठरवावे. आपले मुख्य काम एवढेच आहे आणि ते राउटर व स्विचवर होते. त्याचा खर्च सर्व उपकरणे बदलण्याच्या तुलनेत किरकोळ आहे.

प्रथम राउटर पाहावा. चेअरमनना मोबाइलवर कॅमेरे दिसावेत म्हणून ठेकेदाराने स्टॅटिक आयपी, म्हणजे न बदलणारा इंटरनेट पत्ता, घ्यायला लावला असेल आणि राउटरमध्ये पोर्ट फॉरवर्डिंग, म्हणजे बाहेरून थेट आतल्या उपकरणापर्यंतची वाट, करून ठेवले असेल, तर ते काढून टाकावे. त्याच पानावर यूपीएनपी नावाचे एक बटण असते. ते चालू असेल तर आतले उपकरण कोणालाही न विचारता राउटरकडून स्वतःसाठी बाहेरचे दार उघडून घेऊ शकते. तेही बंद करावे. मग रेकॉर्डर आणि कॅमेरे यांच्या सेटिंगमधील पीटूपी किंवा क्लाउड ही सोय पाहावी. तिच्यात उपकरण स्वतःहून बाहेरच्या सर्व्हरशी जोडणी करते, त्यामुळे राउटरचे दार बंद असूनही वाट उरते, आणि काही बनावटींत डब्यावरच्या स्टिकरवरील क्रमांक हाच त्या वाटेचा पत्ता असतो. चेअरमनना कॅमेरे हवेच असतील तर व्हीपीएन, म्हणजे फक्त खातेदारालाच आत घेणारी कूटबद्ध वाट, करून द्यावा. मोबाइलवर एक बटण जास्त दाबावे लागते, एवढाच फरक.

त्यानंतर नेटवर्कचे तुकडे करावेत. कॅमेरे व रेकॉर्डर, इंटरकॉम व दारे, पंप व जनरेटर, आणि सोसायटीच्या कार्यालयातील संगणक हे चार स्वतंत्र व्हीलॅनवर, म्हणजे त्याच स्विचवर पण एकमेकांपासून तोडलेल्या नेटवर्कांवर, असावेत. त्यासाठी मांडणी ठरवता येणारा स्विच, म्हणजे मॅनेज्ड स्विच लागतो, जो आयटीत काम करणारा आपला कोणीही रहिवासी ओळखेल. गंमत अशी, की अशा सोसायट्यांत निम्मे लोक दिवसभर दुसऱ्यांच्या सर्व्हरची सुरक्षा पाहतात, पण पंप रूम ‘इलेक्ट्रिशियनचे काम’ म्हणून तिच्यात कधी डोकावत नाहीत. कार्यालयाचा संगणक वेगळा काढणे विशेष गरजेचे आहे, कारण देखभाल खर्चाचा हिशेब आणि सोसायटीचे बँक व्यवहार त्यावरूनच होतात. कॅमेऱ्यांच्या तुकड्यातून बाहेर जाणारी वाहतूकही अडवावी. कॅमेऱ्याला इंटरनेटवरून घड्याळाच्या वेळेशिवाय काहीही लागत नाही, आणि ती वेळही राउटर देऊ शकतो. एवढे झाल्यावर कोथरूडच्या त्या रेकॉर्डरचा पासवर्ड आजही तोच असेल, पण तो विचारणारा दारापर्यंत पोहोचत नाही.

पोहोचण्याची वाट आतूनही असते, हे विसरू नये. पोडियमवरचा कॅमेरा काढून त्याची लॅन वायर लॅपटॉपला जोडली की माणूस थेट कॅमेऱ्यांच्या नेटवर्कवर येतो. स्विचवर प्रत्येक पोर्टला (येथे वायर खोचायच्या खाचेला) ठरावीक उपकरणाचाच मॅक पत्ता, म्हणजे त्याचा कारखान्यातला ओळखक्रमांक, मान्य करण्याची सोय असते. ती निर्धोक नाही, कारण पत्ता नकली करता येतो, पण उनाड पोराला थांबवायला पुरते. न वापरलेले पोर्ट बंद ठेवावेत.

कोणते खाते खरोखर पक्के आहे हे ओळखण्याची साधी पद्धत अशी: पासवर्ड बदलावा, उपकरण बंद करून पुन्हा सुरू करावे, आणि जुना पासवर्ड, तसेच त्या बनावटीचा सर्वांना माहीत असलेला पासवर्ड, ब्राउझर, टेलनेट, एसएसएच (टेलनेटचाच कूटबद्ध प्रकार) आणि उत्पादकाचे मोबाइल अॅप या चारही वाटांनी वापरून पाहावा. कोणत्याही एका वाटेने त्यांतला एखादा चालला, तर ते उपकरण तिसऱ्या प्रकारचे आहे. नवे फर्मवेअर मिळत असेल तर घालून हीच चाचणी पुन्हा करावी. काही आवृत्त्यांत टेलनेट खरोखर बंद होते, काहींत ते फक्त दुसऱ्या पोर्टवर सरकते. ही चाचणी समितीच्या ठरावाने, स्वतःच्याच उपकरणांवर करावी. शेजारच्या सोसायटीचे पान उघडते का, हे कुतूहलानेही पाहू नये. परवानगीशिवाय दुसऱ्याच्या यंत्रणेत शिरणे हा माहिती तंत्रज्ञान कायदा, २००० च्या कलम ४३ चा भंग आहे आणि ते अप्रामाणिक हेतूने केले तर कलम ६६ खाली गुन्हा ठरतो. पासवर्ड सगळ्यांना ठाऊक होता, हा बचाव तेथे उपयोगी पडत नाही.

एखादे उपकरण बदलावेच लागले तर खरेदीच्या वेळी आपली बाजू आता पूर्वीपेक्षा बळकट आहे. कॅलिफोर्निया राज्यात १ जानेवारी २०२० पासून आणि ब्रिटनमध्ये २९ एप्रिल २०२४ पासून सर्वांना एकच पासवर्ड देऊन उपकरणे विकण्यास कायद्याने मज्जाव आहे, त्यामुळे “असे कोणी करतच नाही” हे विक्रेत्याचे म्हणणे टिकत नाही. आपल्याकडे केंद्रीय इलेक्ट्रॉनिक्स आणि माहिती तंत्रज्ञान मंत्रालयाने एप्रिल २०२४ मध्ये सीसीटीव्ही कॅमेऱ्यांसाठी सुरक्षेच्या आवश्यक अटी अधिसूचित केल्या आणि त्या ९ एप्रिल २०२५ पासून लागू झाल्या. त्यांचे पालन तपासणारी चाचणी एसटीक्यूसी या त्याच मंत्रालयाच्या तपासणी संस्थेमार्फत होते. नव्या कॅमेऱ्याच्या निविदेत त्या प्रमाणपत्राची प्रत मागावी. आधीच बसवलेल्या कॅमेऱ्यांना याचा उपयोग नाही आणि पंपाच्या कंट्रोलरला हा नियम लागूच नाही, म्हणून त्यांच्याबाबत करारातील शब्दच कामाला येतात.

करारात काय असावे? प्रत्येक उपकरणाचे मॉडेल, फर्मवेअरची आवृत्ती, त्यातील सर्व खात्यांची नावे, आणि यांपैकी कोणते खाते ग्राहकाला बदलता किंवा बंद करता येत नाही याचे लेखी, सहीनिशी निवेदन. शेवटचा मुद्दा लिहून मागितला की ठेकेदार उत्पादकाला विचारतो. तोंडी विचारले तर विचारत नाही. हस्तांतरणाच्या यादीत बिल्डर लिफ्टच्या चाव्या आणि जनरेटरचे लॉगबुक देतो, पण पासवर्डांची यादी देत नाही, कारण ती कोणी मागत नाही. ताबा नुकताच मिळाला असल्यामुळे आपल्याला ती अजून मागता येईल. अंतिम पोच देण्याआधी मागावी. वार्षिक देखभालीचा ठेकेदार बदलेल तेव्हा आणि समिती बदलेल तेव्हा सर्व पासवर्ड बदलावेत, आणि ते व्हॉट्सअॅपच्या गटावर टाकू नयेत.

ठेकेदाराला दुरून दुरुस्ती करू देण्यास माझी हरकत नाही, फक्त ती वाट कायम उघडी नसावी. २०१३ मध्ये अमेरिकेतील टार्गेट या दुकानसाखळीतून सुमारे चार कोटी कार्डांची माहिती चोरीला गेली, ती प्रत्येक सादरीकरणात ‘एसीच्या यंत्रणेतून’ गेली म्हणून सांगतात. तसे झाले नव्हते; शीतकरणाच्या ठेकेदाराला बिले वगैरे सादर करण्यासाठी दिलेले लॉगिन चोरांच्या हाती लागले होते. म्हणजे ठेकेदाराच्या घरची चोरी आपल्या दाराशी येते, आणि ती येण्यासाठी आपल्या उपकरणात दोष असण्याचीही गरज नसते. ठेकेदाराचे व्हीपीएन खाते तक्रार नोंदवल्यावर चालू करावे आणि काम झाले की बंद करावे; मॅनेजरला हे शिकवायला अर्धा तास पुरतो.

आपल्या चार यंत्रणांचा क्रम मी असा लावीन. या रविवारी राउटरमधील पोर्ट फॉरवर्डिंग आणि यूपीएनपी बंद करावे आणि बदलता येणारे सर्व पासवर्ड बदलावेत. महिन्याभरात व्हीलॅन करून घ्यावेत. त्यानंतर चाचणीत तिसऱ्या प्रकारचे निघालेले उपकरण इंटरकॉम असेल तर ते बदलण्यासाठी सर्वसाधारण सभेत तरतूद मागावी, कारण ते दारावर आहे आणि त्यात रहिवाशांची नावे आहेत. रेकॉर्डर असेल तर तो वेगळ्या तुकड्यात बंदिस्त करून त्याचे आयुष्य संपेपर्यंत वापरता येईल. आणि येत्या गुरुवारी वीज जाऊन परत आली, की दहा मिनिटे थांबून राउटरमधील पोर्ट फॉरवर्डिंगची यादी पुन्हा उघडून पाहावी. आपण न घातलेली एखादी नोंद तेथे दिसली, तर त्या राउटरचे यूपीएनपी खरोखर बंद झालेले नाही, किंवा ती नोंद कोणीतरी हाताने घातली आहे. क्लब हाउसमध्ये दुसरा एखादा राउटर किंवा वायफायचा डबा असेल, तर त्याचीही यादी अशीच पाहावी.